जुन्या घराला हात लावण्याआधी एक पावसाळा थांबा

पुण्यात नारायण पेठेतलं आमचं घर दुमजली आहे. खाली ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर. वर माडी आणि माडीवर मंगलोरी कौलं. दगडाचं जोतं, दोन फूट जाडीच्या वीट-मातीच्या भिंती, सागवानी खांब. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा माजघरातल्या मधल्या खांबावर, माझ्या खांद्याच्या थोडी वर, खिळ्याने ओढलेली एक आडवी रेघ दिसली. सासूबाई म्हणाल्या, "पानशेतचं पाणी इथवर होतं. तुझ्या सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी चिखल काढताना खूण केली." १२ जुलै १९६१. बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. मातीच्या कितीतरी भिंती त्या दिवशी बसल्या. आमच्या उभ्या राहिल्या.

ही गोष्ट सुरुवातीला सांगते, कारण जुनं घर दुरुस्त करणं म्हणजे आधी पाण्याशी हिशेब करणं, हे मला फार उशिरा कळलं. निवृत्त झाल्यावर मी दीड वर्ष या घराच्या कामात घालवलं. कुणी विचारलं की "रंग कुठला दिलात?", तर मी सांगते, रंग सगळ्यात शेवटी. आधी एक वही घ्या आणि एक पावसाळा थांबा.

चूक आम्हीही केली होती. १९९४ साली माजघराच्या भिंतीला खालून दोन फुटांपर्यंत ओल यायची, गिलाव्याचे पोपडे सुटायचे. एका ठेकेदाराने सांगितलं, जुना चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा करा, शंभर वर्षं बघायला नको. केला. पहिली दोन वर्षं भिंत अशी गुळगुळीत की पाहुणे हात फिरवून बघायचे. तिसऱ्या पावसाळ्यात ओल पाच फुटांवर गेली. भिंतीत पाणी तेवढंच होतं, पण आधी ते चुन्यातून वाफ होऊन निघून जायचं. आता सिमेंटने वाट बंद केली, म्हणून ते वर चढत गेलं. सिमेंट तुकड्यांनी सुटलं ते मागची विटेची पाठ घेऊनच.

म्हणून पहिली पायरी वहीची. जून ते सप्टेंबर रोज नाही, पण प्रत्येक जोराच्या पावसानंतर घरातून एक फेरी मारायची. भिंतीवर ओल जिथपर्यंत आली आहे, त्या कडेवर पेन्सिलने तारीख घालायची. चार महिन्यांत भिंत स्वतःच सगळं सांगते. वरून येणारी ओल पावसापाठोपाठ दिसते, तिला तपकिरी कड असते आणि पाऊस उघडला की ती फिकी पडते. खालून चढणारी ओल जमिनीपासून एका रेषेत वर येते आणि तिच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटतो. जी ओल ऐन मे महिन्यातही तशीच राहते, ती बहुधा नळाची किंवा मोरीची. शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या मागे दव जमलं तर पाणी भिंतीतलं आहे, वरच्या अंगाला जमलं तर खोलीतल्या हवेतलं, म्हणजे खिडकी उघडून भागण्यासारखं.

आमच्या वहीत तीन कारणं निघाली. आढ्यावरचं एक कोन, म्हणजे शेंड्यावर बसतं ते कौल, सरकलं होतं. पन्हळीचा नळ थेट जोत्यावर सुटत होता. तिसरं कारण मला अजून चुटपुट लावतं: मागच्या अंगणात तुळशीभोवती आम्हीच हौसेने बसवलेली फरशी भिंतीकडे उतरती होती. इतकी वर्षं प्रत्येक पाऊस आम्ही स्वतःच्या हाताने माजघराच्या पायात सोडत होतो. ती फरशी उखडून उतार उलटा केला आणि भिंतीलगत दीड फुटांचा पट्टा उघडा ठेवून त्यात खडी भरली. पुढच्या पावसाळ्यात माजघराची निम्मी ओल त्यानेच गेली. भिंतीच्या आतल्या बाजूला तेव्हा कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

छपराचं काम एप्रिल-मेमध्ये उरकायचं. शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा लावणं, करणारी माणसं आता कमी राहिली आहेत, त्यामुळे होळी झाली की सांगून ठेवा. फुटकी कौलं बदलतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण कौलं उतरलेली असतात तेव्हाच खालचे वासे आणि रिपा टोचून बघायच्या असतात. स्क्रूड्रायव्हर घ्या, दाबा. लोण्यासारखा आत गेला तर ती रीप बदला. आमच्याकडे माडीच्या कोपऱ्यातले दोन वासे असे निघाले. भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप असेल तर नुसतं कापू नका, ते पुन्हा जोमाने येतं. मूळ गेलं असेल तिथपर्यंत दरज, म्हणजे विटांमधला सांधा, उघडून ते काढायचं आणि दरज चुन्यानेच भरायची.

याच सुमारास एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची अशी तपासणी करून घेण्याची तरतूद महापालिका कायद्यातच आहे, पण मी कायद्यासाठी म्हणत नाही. वाड्याच्या भिंतीत कुठे खांब लपलेला असतो, कुठली तुळई कशावर टेकली आहे, हे बाहेरून दिसत नाही. दोन खोल्या एक करायच्या म्हणून मधली 'पातळ' भिंत पाडली आणि वरचा कडीपाट (तुळया-फळ्यांचं लाकडी छत) वाकला, असं घर मी आमच्याच गल्लीत पाहिलं आहे. तुमचं घर महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर एक खुंटीही बदलण्याआधी परवानगीचं विचारा.

चुना

दसऱ्यानंतर भिंती हाती घेतल्या. आमचे गवंडीमामा सत्तरीचे. त्यांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "वहिनी, घाई आहे का?" मी नाही म्हटलं. "मग करतो," म्हणाले.

सिमेंट काढताना ब्रेकर वापरू दिला नाही, सगळं छन्नी-हातोडीने. यंत्राच्या हादऱ्याने मातीची भिंत आतून सुटते. सिमेंट निघाल्यावर दरजा उघड्या करून भिंत तशीच दोन महिने सोडली. बघणाऱ्यांना वाटायचं की काम बंद पडलं. भिंत तेव्हा सुकत असते. पांढरा लोणा बाहेर येत राहतो. तो कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून घराबाहेर टाकायचा. पाण्याने धुवायचा मोह होतो, पण धुतला की तो विरघळून परत आत जातो.

तेवढ्या वेळात चुना भिजत पडतो. कळीचा (भाजलेला, न विझवलेला) चुना भिजवताना लक्षात ठेवायची गोष्ट एकच, पण जिवाची: आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो, उडतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. चष्मा, हातमोजे, अंगभर कपडे. मुलं त्या बाजूला नकोत. भिजलेला चुना निदान पंधरा दिवस पाण्याखाली राहू द्या. आमचा महिनाभर राहिला आणि तुपासारखा झाला.

एक भाग चुना, तीन भाग धुतलेली जाड वाळू. वाळूतला थोडा भाग काढून त्याजागी सुरखी, म्हणजे विटेची भुकटी. ओलीच्या भिंतीला ती चांगली. तागाचे दोरे इंचभर कापून मिसळले, म्हणजे गिलाव्याला चिरा जात नाहीत. हिरड्याचं आणि गुळाचं पाणी मामांनी घातलं, किती ते त्यांचा हात जाणे. मी मोजायला गेले तर म्हणाले, "ताईसाहेब, तुम्ही भाजीत मीठ मोजता का?" वहीत तो रकाना कोराच राहिला.

भिंत आधी भिजवायची. कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि गिलावा भुसभुशीत होतो. पहिला हात अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. तो ओला असतानाच खरवडून खरबरीत करायचा आणि आठ-दहा दिवस थांबून दुसरा हात. शेवटी संदला, म्हणजे बारीक चुन्याचा गुळगुळीत थर, थापीने घोटून. सिमेंटपेक्षा चुन्याची गोष्ट वेगळी. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओलसरपणाही हवा, हवाही हवी. म्हणून उन्हाच्या खिडक्यांना ओली गोणपाटं टांगली आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. पंखे बंद. हे काम उन्हाळ्यात करू नका. दिवाळी ते संक्रांत हा काळ पुण्यात त्याला बरा.

एवढं करून वर प्लॅस्टिक पेंट दिला तर सगळं पाण्यात. भिंतीचं तोंड पुन्हा बंद होतं. आम्ही सफेदीच केली. भिजलेला चुना जुन्या धोतराने गाळला, दुधाइतका पातळ केला, त्यात डिंकाचं पाणी आणि किंचित नीळ. भिंत ओली करून कुंच्याने पातळ चार हात दिले. पहिल्या हाताला काहीच दिसत नाही आणि घरातले सगळे नाराज होतात. वाळताना पांढरा उमलतो. रंग हवा असेल तर चुन्याला टिकणारे मातीचे रंग घ्या. ओसरीला आम्ही पिवळी माती घातली, देवघराला चिमूटभर गेरू. कपड्याला चुना लागतो ही तक्रार खरी आहे. चौथ्या हातानंतर ती फार राहत नाही. जिथे पाठ टेकते, त्या ओसरीच्या भिंतीला आम्ही कमरेपर्यंत लाकडी पट्ट्या लावल्या आणि मागे बोटभर फट ठेवली.

लाकूड

आमच्या दारांवर ऑइल पेंटचे पाच थर होते: वरून तपकिरी, मग राखाडी, पोपटी, निळा आणि तळाशी आणखी एक हिरवा. रंगारी पॉलिशपेपरचं मशीन घेऊन आला तेव्हा मी त्याला थांबवलं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ घरभर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या पोटात सगळ्यात आधी जाते. दारं काढून अंगणात न्या, खाली प्लास्टिक पसरा, रंग मऊ करणारं रसायन लावून ओल्यानेच पत्तीने खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा. हीट गन वापरायची तर मंद आचेवर. रंग जळून धूर निघू देऊ नका. नक्षीच्या खाचांत दात घासायचा जुना ब्रश.

खाली सागवान निघालं, तेव्हा सासूबाई दारापाशी खुर्ची घेऊन बसल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनीही ते लाकूड पाहिलं नव्हतं.

त्यावर मेलामाइनचा चकचकीत थर नको. जवसाचं तेल आणि टर्पेंटाईन निम्मं निम्मं, फडक्याने चोळून लावायचं, अर्ध्या तासाने वरचं पुसून घ्यायचं, दोन दिवसांनी पुन्हा. तीन हात पुरतात. आणि हे कृपा करून विसरू नका: तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळ्यातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती अंगणात सुटी सुटी पसरून कडक वाळवा, मगच टाका.

लाकडावर भोकं दिसली की घाबरू नका. भोकाखाली ताजी पिठी पडते का, ते आठ दिवस काळा कागद ठेवून बघा. पिठी नसेल तर किडा बहुधा कधीच गेलेला आहे. वाळवी मात्र जमिनीतून येते, त्यामुळे नुसतं लाकडावर औषध मारून उपयोग नाही. जोत्यालगतच्या मातीत उपचार करून घ्यावा लागतो.

आता त्या मधल्या खांबाविषयी. आमचे खांब सुरूच्या झाडासारख्या घाटाचे, दगडी तळखड्यावर (पायाच्या दगडावर) उभे. सिमेंटच्या काळात कुणीतरी तळखड्याभोवतीही सिमेंट भरलं होतं. ते फोडल्यावर खांबाचा बुंधा वीतभर कुजलेला निघाला. एका सुताराने पूर्ण खांब बदलून लोखंडी गर्डर सुचवला. दुसऱ्या, वयस्कर सुतारकाकांनी खांबाला कान लावून ठोकत वरपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "वर खणखणीत आहे. आजाराइतकंच औषध करू." इंजिनिअरने सांगितलेल्या जागी जॅक देऊन तुळई पेलली, दीड फूट बुंधा कापला आणि जुन्याच सागवानाचा तुकडा सांधा करून, लाकडी खुंट्या मारून बसवला. नवं लाकूड वापरलं असतं तर ते आकसलं असतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास जुन्या वाड्यांचं लाकूड मिळतं. घेताना खिळे तपासा आणि टोकं ठोकून बघा. असे सांधे चांगले कसे दिसतात हे बघायचं असेल, तर सुताराला घेऊन विश्रामबाग वाड्यात एक चक्कर मारा. आम्ही गेलो होतो. काका तासभर फक्त खांबांच्या पायाशी आणि माथ्याशी बघत होते.

वायरिंग, फरशी आणि बाकीचं

वायरिंगसाठी मातीच्या भिंतीत खाचा पाडू देऊ नका. पाइप तुळईच्या कडेने, उघडे न्या. आमचे लाकडाच्या रंगाचे आहेत आणि आता नजरेला दिसतही नाहीत. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, प्लगना अडीचची, गिझरला चारची. अर्थिंग नव्याने करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. लाकडाच्या घरात या एका खर्चावर घासाघीस नको.

खालची शहाबादी फरशी आम्ही बदलली नाही. बसलेल्या फरश्या उचलून खालची माती ठोकून परत बसवल्या, दरजा चुना-सुरखीने भरल्या. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. डाग काढायला कुणी ॲसिड सांगेल, ते लावू नका. दगड खाल्ला जातो. लिंबू, व्हिनेगरही नको. साबणाचं पाणी आणि काथ्या पुरे.

माडीवर टाइल्सचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. दोन इंच सिमेंटचा थर आणि वर टाइल मिळून चौरस फुटाला साधारण बारा किलो वजन होतं. दहा बाय बाराच्या खोलीत सुमारे चौदाशे किलो, तेही कायमचं, त्या कडीपाटावर. आम्ही कडीपाटाच्या फळ्या घट्ट केल्या, मोडक्या तेवढ्या बदलल्या आणि वर चटया घातल्या. चालताना थोडं करकरतं. नातवंडांना ते आवडतं.

मोरी आणि स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ वॉटरप्रूफिंग, टाइल, सगळं आजच्या पद्धतीने करा. तिथे चुन्याचा हट्ट धरू नका. फक्त पाइप भिंतीत गाडायचे नाहीत. गळलं तर दिसलं पाहिजे.

खोटं छत मला अजिबात मान्य नाही. पीओपीच्या वर काय गळतंय, काय कुरतडलं जातंय, ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय कडीपाटाइतकं सुंदर छत तुम्ही विकत आणणार कुठून?

सजावटीला आमच्याकडे पैसे फारसे उरले नव्हते, आणि ते बरंच झालं. कोनाडे मोकळे केले. इतकी वर्षं त्यांत औषधांच्या बाटल्या आणि लाइटची बिलं होती. दोन कोनाड्यांत पिवळसर उजेडाचे, २७०० केल्विनचे छोटे दिवे बसवले. जाड भिंतींच्या खोल्या अंधाऱ्या असतात. पण सफेदीवर असा तिरका उजेड पडला की भिंतीवरचे थापीचे हात दिसतात आणि खोली भरल्यासारखी वाटते. सासूबाईंचा तांब्याचा बंब तांबट आळीत नेऊन ठोकून, उजळून आणला. तो ओसरीत आहे, त्यात छत्र्या राहतात. खिडक्यांना बुरुडाकडून बांबूचे पडदे विणून घेतले. माप त्याने घरी येऊन घ्यावं हे बरं, कारण जुन्या घरात एकही खिडकी काटकोनात नसते. बिजागऱ्या, कोयंडे, कड्या बोहरी आळीत मिळतात. मोडकी वस्तू सोबत न्या म्हणजे जोड नीट मिळते. झोपाळा मात्र आधी इंजिनिअरला कडी दाखवून मगच टांगला.

शेवटी खांबांना तेल लावायची वेळ आली. रंगारी मधल्या खांबापाशी थांबला. "काकू, ही रेघ पुट्टीने भरून टाकू का? दिसणार नाही." मी नको म्हणायच्या आतच खुर्चीवरून सासूबाईंचा आवाज आला, "हात लावू नकोस तिला." मग त्याने तेलाचं फडकं रेघेच्या वरून आणि खालून फिरवलं, खाचेत तेल साचू दिलं नाही. नव्या बुंध्याचा सांधा तिच्या खाली साडेतीन फुटांवर आहे. वहीत मी त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढे लिहिलं: जूनच्या पहिल्या पावसानंतर पन्हळ बघणे.